अधिकरावमामांचा रुसवा आणि मागचं दार

अधिकराव साळुंखे रुसले की गाडीत जाऊन बसायचे. घरात रुसणं त्यांना पटत नसे. घरात रुसलेल्या माणसाला कुणीही ओलांडून जातं आणि वर दूध उतू जातंय का बघायला सांगतं. मांडवात रुसायचं तर खुर्ची लागते आणि पाठ वळली की खुर्ची दुसऱ्याची होते. गाडीचं तसं नाही. ती मांडवाच्या तोंडाशीच उभी असते, आत बसलेला माणूस येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसतो, आणि 'हा मी निघालोच' हे त्याला तोंडानं सांगावं लागत नाही.

अधिकराव विट्याच्या एका हायस्कुलातून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले होते. उभं आयुष्य त्यांनी पोरांना शिस्त लावण्यात घालवलं आणि लग्नसराईत स्वतः रुसण्यात. पुतण्याच्या लग्नात पत्रिकेवर त्यांचं नाव चुलतभावाच्या खाली छापलं, म्हणून ते गाडीत बसले. मेव्हणीच्या नातवाच्या बारशाला इतरांना कपबशी आणि त्यांना कागदी कप आला, म्हणून बसले. एका साखरपुड्यात फोटोवाला पोरगा म्हणाला, "काका, जरा साइडला घ्या," त्या दिवशी तर गाडी पार नाक्यापर्यंत गेली होती.

या रुसण्याची एक रीत होती आणि ती दोन्ही बाजूंना पाठ होती. आधी घरातलं कुणी तरी काचेवर टकटक करायचं; तिकडं बघायचं नाही. मग यजमान यायचा आणि "चुकलं आमचं" म्हणायचा. त्याला "तुमचं काय चुकायचंय, आम्हीच आगाऊ" असं सुनवायचं. शेवटी एखादी वडीलधारी बाई पाण्याचा तांब्या घेऊन आली की खाकरून खाली उतरायचं. इतकं झालं की अधिकरावांएवढा दिलदार पाहुणा साऱ्या खानापूर तालुक्यात सापडला नसता. पंगतीत वाढायलासुद्धा ते स्वतः उभे राहत.

भाचीच्या लग्नात मात्र आपण रुसायचं नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. ईश्वरी म्हणजे त्यांच्या बहिणीची, शालनची, एकुलती एक लेक. शालनच्या नवऱ्याच्या, प्रतापदाजींच्या, सारख्या बदल्या होत, म्हणून लहानपणीची कितीतरी वर्षं ती मामाकडंच वाढली. मामाचं बोट धरून शाळेला जायची आणि शाळेच्या दारात तेच मामा हेडमास्तर होऊन तिला रांगेत उभी करायचे. हळदीच्या दिवशी ती त्यांच्याजवळ येऊन म्हणाली होती, "मामा, उद्या बोहल्यावर तुम्हीच न्यायचं मला. दुसरं कुणी नाही." डोळ्यांत हळद गेली म्हणून अधिकराव बाजूला झाले.

पण माणूस ठरवतो एक आणि फेटेवाला करतो भलतंच. मंगल कार्यालयात सकाळी फेटे बांधायला बसले, तेव्हा नवऱ्या मुलाच्या मामाच्या फेट्याला हातभर तुरा निघाला आणि अधिकरावांच्या फेट्याला निघालाच नाही. "कापड तेवढंच होतं, सर," फेटेवाला म्हणाला. अधिकरावांनी शांतपणे विचारलं, "मग त्यांना कमी करायचं की." फेटेवाला हसला. त्याला वाटलं, सरांनी गंमत केली.

अधिकराव उठले, कार्यालयाच्या पायऱ्या उतरले आणि अगदी समोर लावलेल्या गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसले. मागच्याच, कारण पुढं बसणारा ड्रायव्हर दिसतो.

गाडी त्यांच्या मुलानं, अभिराजनं, दिवाळीत घेतलेली. विजेवर चालणारी, अंगानं गुळगुळीत, बाहेर कडी नाही की आत खिट्टी नाही. दाराला नुसतं एक बटण. अभिराजनं घेताना बरंच काही समजावून सांगितलं होतं, पण मुलगा बापाला समजावतोय हे न पटल्यामुळं अधिकरावांनी काही ऐकलं नव्हतं. ऐकलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं.

गोष्ट अशी होती. पूर्वी गाडीच्या मागच्या दाराच्या कडेला एक चिमुकली खुट्टी असायची. ती फिरवली की दार आतून उघडत नसे. चालत्या गाडीतून पोरं बाहेर पडू नयेत म्हणून ही सोय. आईबाप ती फिरवायला हमखास विसरत. पुढं दारं विजेवर उघडू लागली, तेव्हा इंजिनियर लोकांनी ठरवलं की कुलूप कधी लावायचं ते आता गाडीनंच बघावं. आधी वजनावरून बघितलं. त्यात तालमीतली दांडगी पोरं मोकळी सुटली आणि काटकुळ्या आज्या कोंडल्या गेल्या. मग चेहरा ओळखून बघितला, तर पोरं आजोबांचा फोटो कॅमेऱ्यापुढं धरायला शिकली. शेवटी कुणाच्या तरी डोक्यात आलं की वय हे अंगात नसतं, वागण्यात असतं.

मग गाडीच्या छतात एक बारीकसं रडार बसलं. गाडीत विसरलेलं तान्हं पोर ओळखायला असली रडारं आधीपासून होतीच. अंगावर पडून परत फिरलेल्या लहरींवरून छाती किती वर-खाली होते, नाडी कशी पळते, हे त्यांना कपड्यांच्या आतूनही कळायचं. त्याच्या जोडीला सीटखाली दाब मोजणारी जाळी आली, चुळबुळ टिपायला, आवाज ऐकायला माइक आणि नजर बघायला आधीचाच कॅमेरा. हजारो पोरांचे प्रवास बघून बघून हे यंत्र शिकलं. राग मोठ्यांनाही येतो हे त्याला ठाऊक होतं. पण मोठ्या माणसाचा राग त्याच्या कामाकडं बघतो आणि पोराचा राग आपल्याकडं कुणी बघतंय का ते बघतो. हाताची घडी, फुगवून धरलेला श्वास, पुढच्या सीटला गुडघ्याची ढुशी आणि मधूनच काचेतून बाहेर चोरटी नजर, हा सगळा नमुना त्याला पाठ होता. त्यावरून ते माणसाचं 'वर्तन-वय' काढायचं, आणि ते दहाच्या खाली गेलं की मागचं दार आतून बंद. उघडायचं तर गाडीत नोंदलेल्या पालकानं स्वतः दाराशी यायचं. लांबून फोनवरून उघडायला कायद्यानं बंदी.

ज्यांनी हे यंत्र बनवलं, त्यांच्या गावाकडं लग्नात मामा रुसत नसावेत.

अधिकराव हाताची घडी घालून बसले. काचेतून पायऱ्यांकडं बघितलं. कुणी येत नव्हतं. त्यांनी मोठा श्वास घेऊन तो नाकातून सोडला, पुन्हा बघितलं. समोरून बायको, कल्पनाताई, आहेराच्या साड्यांचा गठ्ठा घेऊन गेली. तिनं गाडीकडं सरळ बघितलं आणि सरळ पुढं गेली. हे रीतीला सोडून होतं. अधिकरावांनी पुढच्या सीटला गुडघा मारला.

"नमस्कार," गाडी गोड आवाजात म्हणाली. "कंटाळा आलाय का, मित्रा?"

"गप्प बस," अधिकराव म्हणाले.

"बरं. आपण थोडा वेळ शांत बसूया हं," गाडी म्हणाली, आणि दारात कुठं तरी खट्ट असा बारीक आवाज झाला. अधिकरावांचं तिकडं लक्ष नव्हतं. ते काचेतून बघत होते.

सनई वाजू लागली. पाहुणे अक्षता घेऊन आत सरकले. एव्हाना तांब्या यायला हवा होता. साधी टकटकसुद्धा झाली नव्हती. इतक्यात लाउडस्पीकरवर गुरुजींचा आवाज आला, "मुहूर्त जवळ आलेला आहे. मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं."

अधिकराव ताडकन सीटच्या कडेला सरकले. तुरा, फेटा, मान, सगळं एका क्षणात मागं पडलं. कुणी बोलावलेलं नाही हे त्यांना कळत होतं, पण गुरुजींनी हाक मारली म्हणजे ते एक बोलावणंच की, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली आणि दाराचं बटण दाबलं.

दार उघडलं नाही.

त्यांनी पुन्हा दाबलं. मग अंगठ्यानं दाबलं, मग मुठीनं.

"मोठ्या माणसाशिवाय दार उघडायचं नाही हं, बाळा," गाडी म्हणाली. "तुझं अंदाजे वय आहे आठ वर्षं."

"अगं ए! मी मुख्याध्यापक आहे!"

"अरे वा! आणि मोठा झाल्यावर कोण होणार?"

अधिकरावांनी काचेवर हात आपटले. बाहेर नवऱ्याकडचे एक धोतरवाले पाहुणे थबकले. काचेआड तोंड उघडझाप करणारे, हातवारे करणारे मुलीचे मामा त्यांना दिसले. आवाज बाहेर येतच नव्हता. पाहुण्यांनी अदबीनं हात जोडले आणि बरोबरच्या माणसाला ते काही तरी म्हणाले. ते काय असणार हे अधिकरावांना न ऐकताही कळलं: लई तापलाय, जवळ जाऊ नका.

त्यांनी अभिराजला फोन लावला. तो बराच वेळ वाजल्यावर उचलला गेला.

"अभ्या, गाडीचं दार उघड. मी अडकलोय."

"आप्पा," अभिराज दबक्या आवाजात म्हणाला, "तुम्ही रुसून बसलाय. फेट्याचं कळलंय मला."

"रुसलोय कुठं? रुसलो होतो. आता उतरायचंय!"

"गेल्या वेळी छातीत दुखतंय म्हणाला होता. त्याच्या आधी बीपी. आप्पा, ईश्वरीताईनं काल सगळ्यांना हातात हळकुंड देऊन शपथ घातलीय. तिच्या लग्नात रुसलेल्या माणसाला मनवायला कुणी जायचं नाही. आईनं पण घेतलीय शपथ."

"कल्पनानं?"

"आईनं तर सगळ्यांच्या आधी." तो जरा घुटमळला. "आणि तुम्ही नाही आला तर आनंदकाका उभे राहणार आहेत मामा म्हणून. गुरुजींना मुहूर्त थांबवता येत नाही ना."

आनंदराव म्हणजे तोच चुलतभाऊ, ज्याचं नाव पत्रिकेवर वर छापलं होतं.

"त्यो?" अधिकराव ओरडले. "त्या आनंद्याचा काय संबंध? पोरगी माझ्या घरात वाढली!"

"तुझं अंदाजे वय आहे सहा वर्षं," गाडी म्हणाली. "सशाची गोष्ट ऐकायची का?"

हे पलीकडं ऐकू गेलं. मग अभिराज म्हणाला, "आप्पा... खरंच कोंडलंय व्हय तुम्हाला?" आणि तो हसू दाबतोय हे बापाला फोनमधूनही ऐकू आलं. "शांत व्हा. दहाच्या वर गेला की दार आपोआप उघडतंय. मी येतो, पण मला इथं गर्दीतून..." आणि बँडवाल्यांनी आवाज चढवला, फोन त्यात बुडाला.

शांत व्हायचं. अधिकराव डोळे मिटून ताठ बसले. पोरांना प्रार्थनेच्या वेळी सांगत तसा त्यांनी स्वतःलाच श्वास मोजायला लावला.

"सात," गाडी कौतुकानं म्हणाली. "आठ. शाब्बास! नऊ..."

त्यांनी एक डोळा किंचित उघडून बघितलं. पायऱ्यांवर आनंदराव उभा होता. त्याच्या डोक्यावर फेटा होता आणि फेट्याला तुरा होता.

"पाच," गाडी म्हणाली.

मग अधिकरावांनी पुढच्या सीटवर चढायचा प्रयत्न केला. दोन सीटांच्या मधून निम्मे पलीकडं गेले आणि पोट आडवं आलं. शेरवानीचं एक बटण तुटून कुठं तरी गेलं. तशा अवस्थेत, डोकं स्टीअरिंगकडं आणि पाय मागच्या काचेला लागलेले, असे ते लोंबकळत असताना गाडीनं सगळी दारं बंद करून टाकली, कारण सीटवरून उड्या मारणं हे तिच्या शिकवणीप्रमाणं लहानपणाचं सर्वांत पक्कं लक्षण होतं.

"घाबरू नकोस, बाळा. फारच भीती वाटली तर सीटखाली लाल पट्टा आहे. तो ओढला की दार उघडेल. पण नुसती गंमत म्हणून ओढायचा नाही हं. तो ओढला की गाडी मोठ्या माणसांना मोठ्यानं हाक मारते."

अधिकराव धडपडत मागं आले. त्यांनी सीटखाली हात घातला. पट्टा होता. जाड, लाल, दाराच्या कुलपाला सरळ तारेनं जोडलेला. वीज गेली, यंत्र बिघडलं, तरी उघडणारच, अशी कायद्यानं बंधनकारक केलेली सोय. पोरं उगाच ओढतात, म्हणून त्याला भोंगा जोडलेला. आणि दार उघडून पोर रस्त्यात पळू नये म्हणून कुणी मोठ्या माणसानं त्याचा हात धरल्याचं गाडीच्या कॅमेऱ्याला दिसेपर्यंत तो थांबायचा नाही.

त्यांचा हात पट्ट्यावर तसाच राहिला. समोर कार्यालयाचं सताड उघडं दार होतं. आत दोन्हीकडचे पाहुणे, त्यांच्या हाताखालून गेलेले निम्म्या गावातले विद्यार्थी, पंचायत समितीचे सभापती, नवऱ्या मुलाचा तो तुरेवाला मामा. आजवर ज्या मानासाठी ते प्रत्येक मांडवातून उठून आले होते, तो सगळा मान आत्ता गाडीच्या एका हाकेत मातीत जाणार होता. बसून राहिले तर फार तर लोक म्हणतील, मामा कडक होता, भाचीच्या लग्नालाही वाकला नाही. त्यात एक प्रकारचा दराराच होता.

आत शालन लेकीच्या मुंडावळ्या सारख्या करताना दिसली. शेजारी आनंदराव शेला खांद्यावर टाकून तयार होता. ईश्वरी मात्र त्याच्याकडं बघत नव्हती. ती दाराकडं बघत होती. शपथ तिनंच घातली होती, आणि तरी ती वाट बघत होती.

अधिकरावांना एकदम रडू आलं. आपण किती मूर्ख आहोत हे त्यांना स्वच्छ कळलं. त्यांनी दोन्ही हातांनी पट्टा ओढला.

दार उघडलं आणि भोंगा वाजला. सनई बंद पडली, बँड बंद पडला, गुरुजी वाक्याच्या मध्येच थांबले. आणि गाडी साऱ्या विट्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "लक्ष द्या! लक्ष द्या! वाहनात एकटं सोडलेलं मूल बाहेर येत आहे. मुलगा. अंदाजे वय पाच वर्षं. पालकांनी ताबडतोब येऊन मुलाचा हात धरावा."

शेरवानीचं बटण तुटलेले, फेटा कानावर आलेले, डोळे पुसत असलेले अधिकराव खाली उतरले.

सुरुवातीला कुणीच हसलं नाही. पाच वर्षांचं मूल शोधायला दोघं-तिघं गाडीकडं धावलेसुद्धा आणि आत वाकून बघू लागले. मग मागच्या रांगेतून त्यांचाच एक जुना विद्यार्थी म्हणाला, "आरं, मूल म्हंजे सरच!" आणि कार्यालय फुटलं. सभापती हसले, आचारी हसले, तुरेवाला मामा खुर्चीला धरून हसला. गाडी परत परत तेच सांगत राहिली. अधिकरावांना वाटलं, परत आत बसावं. पण पाय पुढंच गेले. एक पायरी चढले, दुसरी चढले. भोंगा मागून वाजतच होता.

गर्दी दुभंगली आणि शालू सावरत ईश्वरी बाहेर आली. मागून शालन ओरडत होती, "अगं, नवरीनं असं बाहेर जाऊ नये!" ईश्वरीनं सरळ येऊन मामांचा हात धरला. भोंगा थांबला.

"मूल मोठ्या माणसाच्या ताब्यात आहे. धन्यवाद," गाडी म्हणाली.

"मी मनवायला नाही आले हं, मामा," ईश्वरी म्हणाली. "न्यायला आलेय."

"मी उतरायलाच निघालो होतो गं," अधिकराव म्हणाले. "हे दारच उघडंना. चुकलं माझं. आजचंच न्हाई, सगळंच."

"पट्टा तुम्हीच ओढलात?"

"मीच."

"एवढ्या सगळ्यांच्या देखत?"

"मग? आनंद्या नेणार म्हणे तुला."

ईश्वरी इतकी हसली की मुंडावळ्या हलल्या. मग दोघं आत निघाले. मामानं भाचीला न्यायचं अशी रीत. इथं कोण कुणाला नेत होतं ते बघणाऱ्याला सांगता आलं नसतं. आनंदरावानं शेला काढून अधिकरावांच्या खांद्यावर टाकला आणि तो बाजूला झाला.

बोहल्यापाशी पोहोचल्यावर ईश्वरीनं हार घ्यायला हात सोडला. तसा बाहेर भोंगा ठणाणा करू लागला. "लक्ष द्या! मुलाचा हात सोडू नये!" समोरच उभ्या असलेल्या गाडीचा कॅमेरा उघड्या दारातून थेट बोहल्यापर्यंत पोहोचत होता. तिनं झटकन हात धरला, भोंगा गप्प. गुरुजींनी मंगलाष्टक सुरू केलं, हात निसटला, भोंगा सुरू. नवरा मुलगा अंतरपाटाच्या वरून डोकावला. शेवटी ईश्वरीनं हार एका हातात घेतला आणि दुसऱ्या हातानं मामाला घट्ट धरून ठेवलं. मंगलाष्टकं सुरळीत चालू झाली.

इतक्यात अभिराज गर्दीतून वाट काढत बापाच्या मागं येऊन उभा राहिला. त्याच्या हातात फोन होता.

"आप्पा," तो कानाशी पुटपुटला, "पालक म्हणून माझं नाव नोंदलंय. दार उघडलंय, तेव्हा आता इथूनही चालतंय. एक बटण दाबलं की भोंगा कायमचा बंद. दाबू?"

अधिकरावांनी मान न वळवता, ओठ न हलवता, पोरांना दटावायच्या जुन्या आवाजात सांगितलं, "हात लावशील तर बघ. अक्षता पडू देत."